चाळिशीनंतरही मैदानावर टिकायचंय? मग आधी काय सोडायचं ते ठरवा

२७ जानेवारी २०२४ ला मेलबर्नमध्ये रोहन बोपण्णाने ऑस्ट्रेलियन ओपनची मेन्स डबल्स जिंकली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, आणि गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, संपल्यात जमा आहे हे त्याने स्वतःच सांगितलेलं होतं. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मॅच होती आणि आमच्या टीममधला एक जण मला म्हणाला, "बघ, तुझ्याच वयाचा आहे". तेव्हापासून माझ्या डोक्यात हा विषय पक्का बसलाय. मी काही प्रोफेशनल नाही हो, ऑफिस सांभाळून रविवारी लेदर बॉल खेळणारा मिडियम पेसर आहे, पण गेली सहा-सात वर्षं मी जमेल तेवढं वाचलंय, फिजिओंना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय आणि स्वतःच्या अंगावर करून बघितलंय, की जे खेळाडू सगळ्यांच्या अंदाजापेक्षा दहा-दहा वर्षं जास्त खेळले ते नक्की वेगळं काय करत होते आणि त्यातलं आपल्यासारख्याला काय उचलता येईल.

हे लिहितोय ते अशाच लोकांसाठी. घरचे म्हणतात आता बास, डॉक्टर म्हणतात वय झालं, आणि तुम्हाला आतून माहितीये की अजून आपल्यात खेळ शिल्लक आहे.

मला आधी वाटायचं की हे सगळं जिद्दीवर असतं. पण जरा विचार करा, ३२ व्या वर्षी पाठ गेली म्हणून खेळ थांबवावा लागला त्या बॉलरकडे काय जिद्द नव्हती? जिद्द सगळ्यांकडेच असते, त्याशिवाय तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. जे टिकले त्यांच्यात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती म्हणजे त्यांनी वेळेवर काहीतरी सोडलं. कोणी फॉरमॅट सोडला, कोणी जागा सोडली, कोणी आवडता शॉट सोडला. आणि उरलेलं जे होतं त्यावर सगळा जीव लावला.

आधी सोडा, मग कमवा

जेम्स अँडरसनचं बघा. फास्ट बॉलर, म्हणजे क्रिकेटमधलं शरीराला सगळ्यात महाग पडणारं काम. तो २०१५ च्या वर्ल्डकपनंतर इंग्लंडकडून वनडे खेळलाच नाही, टी-ट्वेंटी तर त्याच्याही कितीतरी आधी बंद झालं होतं. नुसती टेस्ट. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, त्या वयात बरेच फास्ट बॉलर आवराआवर करायला लागतात. त्यानंतर त्याने टेस्टमध्ये तीनशेहून जास्त विकेट काढल्या आणि जुलै २०२४ मध्ये लॉर्ड्सवर थांबला तेव्हा १८८ टेस्ट, ७०४ विकेट आणि वय ४१. आपली झुलन गोस्वामी पण तशीच, २०१८ मध्ये टी-ट्वेंटी इंटरनॅशनल सोडलं आणि वनडे चालू ठेवलं, सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवरच शेवटची मॅच खेळली तेव्हा चाळिशीला दोन महिने बाकी होते आणि नावावर वनडेच्या २५५ विकेट होत्या.

जिम्नॅस्टिक्समध्ये तर विशीतच मुली रिटायर होतात. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये टीम गोल्ड जिंकली आणि टोकियोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, आठ ऑलिम्पिक खेळली, टोकियोला ती ४६ वर्षांची होती. मधे मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला म्हणून उपचारांसाठी जर्मनीला गेली, त्या देशाकडून खेळली आणि २००८ ला ३३ व्या वर्षी व्हॉल्टमध्ये सिल्व्हर आणलं. या प्रवासात तिने हळूहळू बाकीची उपकरणं बाजूला ठेवली आणि व्हॉल्टवर सगळं लावलं. व्हॉल्ट म्हणजे धाव, उडी, काही सेकंदांत संपलं. बीमवर आणि फ्लोअरवर तास न् तास शरीर झिजवण्यापेक्षा तिने झीज एका जागी आणून ठेवली.

बोपण्णाने सिंगल्स कधीच मागे टाकलं होतं. डबल्समध्ये अर्धं कोर्ट सांभाळायचं, पॉइंट लवकर संपतो, आणि त्याची सर्व्हिस इतकी जबरदस्त की पळायची वेळच कमी यायची. सोडण्याच्या यादीत त्याने अजून एक गोष्ट टाकली, पेनकिलर. गुडघ्यांसाठी दिवसाला दोन-तीन गोळ्या खात होता, मग अय्यंगार योगा सुरू केला, पायांची ठेवण आणि मांड्यांची ताकद यावर काम झालं आणि गोळ्या सुटल्या. अय्यंगार योगा हे आपल्या पुण्यातलं काम, बी. के. एस. अय्यंगारांनी तिथंच उभं केलेलं, पट्टे आणि लाकडी ठोकळे वापरून एकेका सांध्याला नीट रेषेत आणायचं, म्हणजे ज्याचा गुडघा दुखतो त्यालाही करता येतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे अजूनही योगा म्हणजे नुसतं स्ट्रेचिंग असं समजतात.

आणि आपल्या वासिम जाफरने काय सोडलं? मुंबई सोडली. ज्याने मुंबईकडून लहानपणापासून क्रिकेट खेळलंय त्यालाच कळेल ही केवढी गोष्ट आहे. २०१५ मध्ये, ३७ व्या वर्षी, ज्या टीमचा कधीकाळी कॅप्टन होता ती सोडून तो विदर्भाकडे गेला, जिथे त्याच्या अनुभवाची खरी गरज होती. २०१७-१८ ला विदर्भाने इतिहासात पहिल्यांदा रणजी जिंकली, इंदूरच्या फायनलमध्ये विजयी फटका जाफरचाच होता. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये नागपूरला इराणी कपमध्ये २८६ मारले, वय ४० पूर्ण. पुढच्या सीझनला हजारावर रन केले आणि विदर्भाने परत रणजी जिंकली. मुंबईत जागेसाठी भांडत बसला असता तर हे काहीच झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रवीण तांबेचं उदाहरण जरा उलटं आहे पण मुद्दा तोच. हा माणूस मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये आधी मिडियम पेस टाकायचा, मग लेगस्पिनकडे वळला. २०१३ मध्ये ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून पहिली मॅच, तोपर्यंत एकही फर्स्ट क्लास मॅच नाही! त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग टी-ट्वेंटीमध्ये १२ विकेट, स्पर्धेत सगळ्यात जास्त, मग मुंबईकडून रणजी पदार्पण, पुढच्या वर्षी आयपीएलमध्ये हॅटट्रिक. तो मिडियम पेसच टाकत राहिला असता तर चाळिशीत त्याच्याकडे कोणी वळूनही बघितलं नसतं.

तर तुमचं काय सोडायचं? हे ठरवायची माझी पद्धत अगदी साधी आहे. एक कागद घ्या आणि मागच्या दोन वर्षांत तुम्हाला जेवढी दुखापत झाली तेवढी लिहा, आणि प्रत्येकीसमोर लिहा की त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करत होतात. "क्रिकेट खेळताना" असं नको. नेमकं लिहा. "दुसऱ्या स्पेलमध्ये, सातव्या ओव्हरला", "बाउंड्रीवरून लांब थ्रो करताना", "सिंगल्सच्या तिसऱ्या गेमला मागे जाऊन स्मॅश मारताना". माझ्या कागदावर पाचपैकी चार दुखापती दुसऱ्या स्पेलमधल्या, म्हणजे थांबून परत बॉलिंगला आल्यावरच्या, होत्या. मी इतकी वर्षं वय वय करत बसलो होतो आणि कागदावर सरळ दिसत होतं की प्रश्न दुसऱ्या स्पेलचा आहे. मी दुसरा स्पेल सोडला. आता पहिले चार ओव्हर टाकतो आणि बॉल परत मागत नाही. रनअपची सहा पावलं कमी केली, कटर, म्हणजे बोटांनी कापल्यासारखा सोडून टप्प्यावर वळवायचा बॉल, शिकलो. बॅडमिंटनवाले असाल तर सिंगल्स सोडून डबल्सला या, फुटबॉलवाले विंग सोडून मिडफिल्डला या आणि टर्फवरच्या रात्रीच्या लागोपाठ दोन-दोन मॅचेस बंद करा, पळणारे असाल तर वर्षातून तीन फुल मॅरेथॉनचा हट्ट सोडा आणि एक हाफ नीट पळा.

पण सोडताना खेळाचं मूळ सोडू नका. तुम्हाला ज्याच्यासाठी टीममध्ये घेतात ते राहिलंच पाहिजे. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिनने कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला कारण त्या सीरिजमध्ये ऑफ स्टंपबाहेर आउट होत होता, आणि ४३६ बॉल खेळून नाबाद २४१ मारले. शॉट सोडला, बॅटिंग नाही सोडली. तेव्हा तर तो फक्त ३० चा होता, पुढे टेनिस एल्बो झाला, २००५ ला कोपराचं ऑपरेशन झालं, नंतर खांद्याचं, आणि लोक म्हणायला लागले की संपला. मग २०१० उजाडलं, ग्वाल्हेरला पुरुषांच्या वनडेतली पहिली डबल सेंच्युरी आणि त्या एका वर्षात टेस्टमध्ये १५६२ रन, सात शतकं. त्या वर्षी ३७ चा झाला तो!

माझी पोटरी आणि २५ चा आकडा

आता शरीराकडे येऊ, इथं जरा थांबून सांगतो कारण बहुतेकांचं इथंच बिनसतं.

माझी उजवी पोटरी गेली तेव्हा मी ४० चा होतो. क्रीजवर पाय टाकला आणि मागून कोणीतरी बॉल फेकून मारला असं वाटलं. मी खरंच मागे वळून बघितलं, मागे अंपायर उभा होता आणि त्याच्या हातात टोप्या होत्या, बॉल माझ्याच हातात. ज्याची पोटरी किंवा टाचेमागची नस, म्हणजे अकिलीस, गेलीय तो प्रत्येक जण हेच सांगतो, कोणीतरी मागून मारलं असं वाटतं. लंगडत घरी आलो, दोन दिवसांनी एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पायाला हातही न लावता सांगितलं की या वयात हे खेळ बंद करा, चाला. मी तीन आठवडे आराम केला, दुखणं थांबलं, मैदानावर गेलो आणि तिसऱ्या ओव्हरला तीच पोटरी त्याच जागी परत गेली.

मग एका फिजिओताईंकडे गेलो. त्यांनी काहीच मशीन लावलं नाही. भिंतीला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहायला सांगितलं आणि म्हणाल्या, टाच पूर्ण वर उचला, खाली या, गुडघा वाकवायचा नाही, मी मोजते. डाव्या पायावर २२ झाले. उजव्यावर नऊ. नवव्याला टाच अर्ध्यावरच थरथरत राहिली. त्या म्हणाल्या, साधारण २५ व्हायला हवेत, आणि तुम्ही नऊवाल्या पायावर पळत येऊन सगळं वजन टाकताय. बस, एवढं एकच वाक्य, पण मला सगळा हिशोब कळला. आराम केल्याने दुखणं गेलं होतं, ताकद परत आली नव्हती. उलट तीन आठवडे बसून राहिल्यामुळे होती तीही कमी झाली होती.

वयाप्रमाणे होतं काय, की स्नायू हळूहळू कमी होतात आणि त्यातही जे झटक्याचे तंतू असतात, उडी मारायला, स्प्रिंट मारायला, बॉल सोडायला लागणारे, ते आधी जातात. नुसतं चालून किंवा जॉगिंग करून ते टिकत नाहीत, त्यांना वजनच लागतं. आणि स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, टेंडन, त्याला रक्त कमी मिळतं म्हणून तो स्नायूपेक्षा खूप सावकाश तयार होतो. म्हणजे महिन्याभरात तुम्हाला दम आणि जोर वाढल्यासारखा वाटतो, पण टेंडन अजून मागेच असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण उत्साहात जास्त करतो.

करायचं कसं ते सांगतो. सोसायटीच्या जिन्याची पायरी घ्या, कठडा धरा, चवडे पायरीवर आणि टाचा बाहेर. दोन सेकंदांत वर जा, अगदी अंगठ्याच्या बुडावर वजन येईपर्यंत, करंगळीकडे कलू देऊ नका, एक सेकंद थांबा, मग तीन सेकंद घेत खाली या आणि टाच पायरीच्या खाली जाऊ द्या. आधी दोन्ही पायांवर १५ चे तीन सेट. ते सोपे झाले की एका पायावर. एका पायावर २० पार झाले की पाठीवर सॅक घ्या, सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी. गुडघा सरळ ठेवून एकदा आणि जरा वाकवून एकदा असं दोन्ही करा कारण पोटरीत दोन स्नायू असतात, गुडघा वाकवला की आतला खोल स्नायू काम करतो आणि पळताना तोच जास्त भार घेतो. आठवड्यातून तीन दिवस पुरतं. ज्यांना सकाळी उठल्यावर टाचेच्या मागे आखडतं, पहिली दहा पावलं लंगडत जातात, त्यांच्यासाठी जुनी प्रसिद्ध पद्धत आहे, फक्त खाली यायचा भाग एका पायावर सावकाश करायचा, वर जाताना दोन्ही पाय वापरायचे, गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट आणि वाकवून तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. कंटाळवाणं आहे, पण बारा म्हणजे बाराच, चौथ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून सोडलं की परत मूळ जागेवर.

मांडीच्या मागच्या भागासाठी, म्हणजे हॅमस्ट्रिंगसाठी, गुडघ्यांवर बसायचं, खाली उशी, घरातल्या कोणालातरी घोटे दाबून धरायला सांगायचं आणि पाठ-कंबर-मांडी एका रेषेत ठेवून पुढे जमिनीकडे जितकं सावकाश जाता येईल तितकं जायचं, शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात चार-पाचच करा, त्याहून जास्त केलं तर दोन दिवस कमोडवर बसता येणार नाही. याशिवाय जड वजनाचे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, आठवड्यातून दोनदा, शिकवणारा नीट असेल तर जिममध्ये. चाळिशीनंतर वजन उचलू नये हे आपल्याकडे उगाच पसरलेलं आहे, खरं तर चाळिशीनंतरच ते जास्त लागतं.

किती खेळायचं

अमेरिकेची स्विमर डारा टोरेसने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ४१ व्या वर्षी तीन सिल्व्हर घेतली, त्यातलं ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड फक्त एका शतांश सेकंदाने हुकलं. त्या तयारीत ती तरुण वयात पोहायची त्यापेक्षा कितीतरी कमी अंतर पोहत होती, सुट्टीचे दिवस जास्त होते आणि राहिलेला वेळ ताकद आणि स्ट्रेचिंगवर होता. कमी पण नेमकं. आपण काय करतो तर पावसाळ्यात चार महिने काही नाही, दसरा झाला की एकदम नेट्सला जाऊन पहिल्याच दिवशी तासभर बॉलिंग, आणि त्या रविवारी मॅच. दुखापत होते ती या अचानक उडीमुळे.

म्हणून वही ठेवा. मोबाइलवर नाही ठेवली तरी चालेल, साधी वही. मी प्रत्येक दिवशी किती बॉल टाकले ते लिहितो. सीझनच्या आधी सहा आठवडे सुरुवात, पहिल्या आठवड्यात दोन दिवस २४-२४ बॉल निम्म्या जोरात, मग दर आठवड्याला पाच-सहा बॉल वाढवायचे, जोर वाढवला तर त्या आठवड्यात बॉलची संख्या वाढवायची नाही. आजारी पडलात, गावाला गेलात, दोन आठवडे सुटले तर जिथे सोडलं तिथून नाही, दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करा. आणि दोन जोरदार सेशनच्या मधे निदान ४८ तास, मला तर आता ७२ लागतात. कांगा लीगसारखं पावसात खेळत असाल तर ओल्या आउटफिल्डवर पाय रुततात आणि पोटरी-जांघ दोन्हीवर ताण दुप्पट वाटतो, तेव्हा त्या आठवड्यात बाकी पळणं कमी करा.

वॉर्मअपबद्दल एकच सांगतो. सकाळी टॉसआधी केलेला वॉर्मअप अकरा वाजता तुमच्या हातात बॉल येईपर्यंत संपलेला असतो. झाडाखाली चहा पीत बसलेला माणूस उठून थेट बॅटिंगला जातो आणि पहिल्याच चोरट्या रनला हॅमस्ट्रिंग धरतो, हे मी दर सीझनला किमान दोनदा बघतो. तुमचा नंबर यायच्या दोन विकेट आधीपासून उभे राहा, बाउंड्रीच्या बाहेर चाला, गुडघे वर घेत पळा, बाजूला सरका, चार-पाच २० मीटरच्या धावा वाढत्या जोराने काढा. कॅप्टनला सांगून ठेवा की बॉलिंग देणार असशील तर एक ओव्हर आधी खूण कर. चांगला कॅप्टन करतो.

दुखतंय, मग खेळू का नको

दहापैकी मार्क द्या. तीनपर्यंत असेल, खेळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पूर्वीइतकंच असेल तर चालू ठेवा. सकाळची परीक्षा महत्त्वाची, कारण टेंडन खेळताना गरम झाल्यावर फसवतो, काहीच दुखत नाही, आणि दुसऱ्या सकाळी बिल देतो. सकाळी वाढलेलं असेल तर कालचं काम जास्त झालं, वहीत बघा आणि कमी करा. एकदम बंद मात्र करू नका.

पण गुडघा सुजला, अडकला, किंवा जिन्यावर अचानक सटकल्यासारखा झाला, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, किंवा पोटरी काही न लागता सुजून गरम झाली असेल तर वाट बघू नका, डॉक्टरकडे जा, आणि अशा डॉक्टरकडे जा जो पायाला हात लावून तपासतो. गोळी खाऊन मॅच खेळणं मी पूर्ण बंद केलंय. उन्हात घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना पेनकिलर किडनीवर जाते, आणि शिवाय जी वेदना तुम्हाला थांब म्हणते तीच तुम्ही बंद करून टाकता.

आणि हृदय. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर. चाळिशीनंतर जोरदार खेळ सुरू करणार असाल, किंवा मधे दोन-चार वर्षं खंड पडला असेल, घरात कोणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल, शुगर, बीपी असेल, तर आधी तपासून घ्या, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट. खेळताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विनाकारण धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन परत मैदानात उतरू नका, कृपा करून. मी एक मित्र असा गमावलाय आणि त्याबद्दल जास्त लिहिवत नाही.

खाणं आणि झोप

स्टॅनली मॅथ्यूज इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनची शेवटची मॅच खेळला ६ फेब्रुवारी १९६५ ला, पन्नाशी पूर्ण झाल्यावर पाच दिवसांनी. १९५६ ला पहिला बलॉं डोर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्यालाच मिळालेला, ४१ व्या वर्षी. दारू नाही, हलकं जेवण आणि सोमवारी उपास करायचा, अगदी आपल्या आजोबांसारखा. जपानचा काझुयोशी मिउरा २०१७ मध्ये ५० व्या वर्षी प्रोफेशनल मॅचमध्ये गोल मारून गेला. अमेरिकन फुटबॉलमधला टॉम ब्रेडी ४५ व्या वर्षापर्यंत खेळला आणि रात्री नऊच्या सुमाराला झोपायचा. प्रत्येकाचं खाणं वेगळं, तेव्हा कोणाची तरी डाएट उचलून आणायची गरज नाही, पण रात्रीची जागरणं आणि दारू यात ढिलाई केलेली मला या लोकांमध्ये सहसा दिसली नाही.

आपल्या घरातली खरी अडचण प्रोटीन ही आहे. ७० किलोच्या खेळणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण ८५ ते ११० ग्रॅम लागतं, आणि आपल्या वाटीभर वरणात पाच-सात ग्रॅमच असतं, तेव्हा वरण-भात-भाजी-पोळी खाऊन आपण जेमतेम निम्म्यावर पोचतो. एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ, ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत २५. मासे-चिकन खात असाल तर प्रश्नच नाही. मी सकाळी तीन अंडी, दुपारी डब्यात मूग किंवा मटकीची उसळ दुप्पट, संध्याकाळी दाणे आणि ताक, रात्री पनीर किंवा मासे असं बसवलंय. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवू नका.

झोपेचं मला अजून पूर्ण जमलेलं नाही, लोकलचा प्रवास आणि मुलांच्या परीक्षा यात सात तास निघतात कसेबसे. पण शनिवारी रात्रीचं लग्न-रिसेप्शन असेल तर रविवारी मी बॉलिंग करत नाही, स्लिपमध्ये उभा राहतो आणि कॅप्टनला तसं आधीच सांगतो. तोही आता विचारतो, "दादा, काल झोप झाली ना?"

माझा उजवा पाय नऊवरून २६ वर यायला पाच महिने लागले. आज मी ४७ चा आहे, चार ओव्हरचा स्पेल टाकतो आणि मागच्या तीन सीझनमध्ये पोटरीने एकही मॅच चुकवलेली नाही. तुम्ही आज रात्री दात घासताना, एक बोट बेसिनला टेकवून, एका पायावर टाच उचला आणि मोजा, मग दुसऱ्या पायावर. टाच पूर्ण वर जायची थांबली की मोजणं थांबवायचं. दोन्ही आकडे कालनिर्णयवर आजच्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा, डावा आणि उजवा वेगवेगळा.